मुखवटा उतरवा : जव्हार-मोखाड्याहून मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
राज्य सरकार,
मंत्रालय, मुंबई.

विषय : मोखाड्याची काढून घेतलेली ग्रामसभा आणि जव्हारच्या नगरपरिषदेला कधीच न मिळालेले अधिकार.

संदर्भ : भारताचे संविधान, पाचवी अनुसूची. तुमच्या कपाटात असेल. धूळ झटकून वाचावे.

महोदय,

पत्राची सुरुवात ‘सप्रेम नमस्कार’ अशी करायचा रिवाज आहे. तुमच्या-आमच्यात प्रेम शिल्लक राहिलेले नाही, म्हणून नुसता नमस्कार.

हे पत्र आम्ही गुन्हेगाराला लिहितो आहोत आणि तो गुन्हेगार तुम्ही आहात. एखादा पक्ष नव्हे, एखादा मंत्री नव्हे. 2014 पासून तुमच्या सर्वोच्च खुर्चीवर चार मुख्यमंत्री बसले, वेगवेगळ्या झेंड्यांचे. आमच्या बाबतीत चौघांचे एकमत झाले : मोखाडा आणि जव्हार या गावांना स्वतःबद्दल काही ठरवता येते, ही गोष्ट चौघांनाही सुचली नाही.

आधी मोखाड्याचे सांगतो, कारण तिथली जखम ताजी आहे.

फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत आमच्या भागात बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, होतो. मोखाड्याचा बोहाडा तर लांबलांबून लोक बघायला येतात असा. संबळ वाजतो, टेंभे पेटतात आणि एकेक सोंग रात्रभर नाचत पुढे येते. कुठले सोंग कुठल्या घराने नाचवायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. कुणी मंत्रालयातून येऊन सांगत नाही. उजाडले की मुखवटा उतरतो, माणूस घरी जातो आणि कामाला लागतो. बोहाड्यात मुखवटा ज्याचा त्याने चढवायचा असतो आणि ज्याचा त्याने उतरवायचा असतो.

तुम्ही मोखाड्याच्या तोंडावर शहराचा मुखवटा चढवलात. तालुक्याचे ठिकाण आहे ना, मग झाली नगरपंचायत. 2014 साली राज्यभर तालुक्याच्या गावांना नगरपंचायती करायचे धोरण तुम्ही आखले आणि त्या यादीत मोखाडाही गेला, आमच्याच जिल्ह्यातले विक्रमगड आणि तलासरीही गेले. एखाद्या गावाला शहराच्या वाटेवरचे गाव ठरवताना लोकसंख्या बघावी, दाटी बघावी, महसूल बघावा, शेतीबाहेरच्या कामावर किती लोक जगतात ते बघावे, असे संविधान सांगते. तुम्ही बघितले फक्त तहसील कचेरीचे पाटी लावलेले दार. तिथून हाकेच्या अंतरावरच्या पाड्यात नागली आणि वरई पिकते, पावसाळा संपला की घरातली अर्धी माणसे वीटभट्टीवर जगायला जातात, हे तुमच्या टिपणीत कुठे बसले? त्या पाड्यातली बाई एका सकाळी उठली तेव्हा ती शहरवासी झालेली होती. तिच्या घरापुढचा रस्ता होता तसाच कच्चा होता. तिचा उखळ-मुसळाचा आवाज होता तसाच होता. फक्त एक गोष्ट तिच्या हातून गेली होती, आणि ती गेली हे तिला कुणी सांगितलेही नाही.

ती गोष्ट म्हणजे ग्रामसभा.

तुम्ही म्हणाल, ग्रामसभा गेली तर काय बिघडले, नगरसेवक मिळाले की सतरा. बिघडले ते सविस्तर सांगतो. मोखाडा आणि जव्हार हे दोन्ही तालुके पूर्णपणे पाचव्या अनुसूचीतल्या अनुसूचित क्षेत्रात आहेत. 1985 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात त्यांची नावे आहेत. इथे दहातली नऊ माणसे आदिवासी आहेत : वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी, ठाकर. अशा भागातल्या गावांसाठी संसदेने 1996 साली पेसा कायदा केला. त्या कायद्याने इथली ग्रामसभा देशातल्या इतर ग्रामसभांहून वरच्या पायरीवर ठेवली. जमीन संपादन करायची तर आधी तिच्याशी सल्लामसलत करावी लागते. गौण वनोपजावर तिची मालकी. दारूचे दुकान हवे की नको हे ती ठरवते. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीच्या घशात गेली तर ती परत मिळवून द्यायचा अधिकार तिचा. सावकारीवर नियंत्रण तिचे, गावच्या बाजारावर नियंत्रण तिचे. सरपंचपद आदिवासीसाठी राखलेले. आणि गाव म्हणजे कागदावरचे महसुली गाव नव्हे. आपले रीतिरिवाज आपण चालवणारी वस्ती, पाडा, वाडी हेसुद्धा गाव.

यातले काहीही नगरपंचायतीला लागू नाही. पेसा हा पंचायतींचा कायदा आहे. पंचायत गेली की पेसा गेला. तुमच्या एका अधिसूचनेने मोखाड्यातल्या पाड्यांचे हे सगळे अधिकार एका दिवसात पुसले.

तारखाही तुमच्या विरुद्ध साक्ष देतात. पेसा कायदा झाल्यावर तो कसा राबवायचा याचे नियम करायला तुम्हाला सतरा वर्षांहून अधिक काळ लागला. ते नियम निघाले 4 मार्च 2014 रोजी. त्यात पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर व्हायची वाट दिली, ग्रामसभेचा स्वतःचा कोष दिला, बैठका कशा घ्यायच्या ते दिले. आमच्या माणसांनी ते नियम छापून, वाचून, वारलीत समजावून पाड्यापाड्यांत सांगायला सुरुवात केली. आणि त्याच 2014 साली तुम्ही तालुक्याच्या गावांना शहर करायला निघालात. एका हाताने दिवा दिलात आणि दुसऱ्या हाताने घरच काढून घेतलेत. याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात. दुसरा सौम्य शब्द आम्ही शोधलेला नाही आणि शोधणारही नाही.

पैशाचेही बोलू, कारण तुम्हाला ती भाषा लवकर कळते. एप्रिल 2015 मध्ये तुम्ही चांगला निर्णय घेतलात : आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के भाग पेसा ग्रामपंचायतींना थेट द्यायचा, आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचे. चांगल्याला चांगले म्हणायला आमची जीभ झिजत नाही. पण तो निधी ग्रामपंचायतींना. मोखाड्याच्या हद्दीबाहेरचा पाडा तो निधी मागू शकतो. हद्दीच्या आतला, तितकाच गरीब, तितकाच तहानलेला पाडा मागू शकत नाही. केंद्राच्या 2005 च्या रोजगार हमी कायद्यानेही ‘ग्रामीण क्षेत्र’ म्हणजे नगर संस्थेच्या हद्दीबाहेरचे क्षेत्र अशीच व्याख्या केली. म्हणजे ज्याला कामाची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच्या गावाचे नाव बदलून तुम्ही त्याला हक्काच्या व्याख्येबाहेर उभे केलेत.

नगरपंचायतीने काहीच दिले नाही असे आम्ही म्हणत नाही. दिवे लागले, गटारे झाली, बाजारपेठेतला रस्ता झाला. बाजारात राहणाऱ्या अनेकांना शहर व्हायला आवडलेही असेल, आणि त्यांचे मत आमच्या मताइतकेच वजनाचे आहे. आमची तक्रार दिव्यांबद्दल नाही. ते दिवे द्यायला ग्रामसभा काढून घ्यायची गरज नव्हती, ही आमची तक्रार आहे. शहराचा निधी आणि गावाचा अधिकार, दोन्ही एकत्र देता येत होते. तुम्ही आम्हाला त्यातले एक निवडायला लावले नाही. आमच्या वतीने तुम्हीच निवडलेत.

आता जव्हारकडे वळतो.

जव्हारची नगरपालिका 1918 सालची आहे. तेव्हा जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते, महादेव कोळी राजांचे. ज्या 1965 च्या नगरपरिषद कायद्याने तुम्ही आज जव्हारला चालवता, तो कायदा जन्मायच्या सत्तेचाळीस वर्षे आधीची ही संस्था आहे. तुमचे महाराष्ट्र राज्य 1960 चे. म्हणजे जव्हारचे शहर स्वतःच्या घरपट्टीचा आणि पाण्याचा हिशेब मांडत होते तेव्हा तुम्ही नव्हतात. वयाने मोठ्याला थोडा मान द्यायची रीत आपल्याकडे आहे. निदान त्याचे म्हणणे ऐकून घ्यायची तरी आहे.

तुम्ही काय केलेत? नगराध्यक्ष कसा निवडायचा, हा शहराच्या कारभारातला पहिला प्रश्न. 2016 साली तुम्ही ठरवलेत : थेट जनतेतून. जव्हारने 2017 च्या डिसेंबरमध्ये तसे मतदान केले. 2020 साली ठरवलेत : नको, नगरसेवकांतून. 2022 साली ठरवलेत : पुन्हा थेट जनतेतून. सहा वर्षांत तीन वेळा नियम फिरवलात आणि प्रत्येक वेळी कारण मुंबईतल्या सत्तेच्या गणितात होते. ज्यांचा नगराध्यक्ष, त्या बारा हजार माणसांच्या शहराला एकदाही विचारले नाही. मग मुदत संपली आणि निवडणूकच झाली नाही. सुमारे तीन वर्षे जव्हारचा कारभार प्रशासकाने पाहिला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने कान धरल्यावर 2025 च्या डिसेंबरमध्ये मतदान झाले. तोवर रस्ता कुठला करायचा, कर कुठला लावायचा, कुणाला बांधकामाची परवानगी द्यायची, हे सगळे एका अधिकाऱ्याच्या सहीने होत राहिले. अधिकारी चांगला होता की वाईट, हा प्रश्नच नाही. तो आम्ही निवडलेला नव्हता.

तुमचे विधिज्ञ म्हणतील, राज्यातल्या बहुतेक शहरांचे असे झाले. झाले, आणि तेही चूकच. पण जव्हारचे दुखणे याहून खोल आहे, आणि ते जव्हारमध्येच फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून इथे मोठ्याने सांगतो.

74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 रोजी लागू झाली. तिने शहरांना हक्क दिले : दर पाच वर्षांनी निवडणूक, बरखास्ती झालीच तर सहा महिन्यांत नवी निवडणूक, स्वतंत्र वित्त आयोग, बाराव्या अनुसूचीतली अठरा कामे. तो संविधानाचा नऊ-अ भाग. त्याच भागात 243 झेडसी हे कलम आहे आणि ते सांगते की हा भाग अनुसूचित क्षेत्रांना लागू होणार नाही. संसदेने वेगळा कायदा करून, योग्य ते फेरफार करून तो लागू करावा. पंचायतींसाठी असाच वेगळा कायदा करायचा होता, तो 1996 साली पेसा म्हणून झाला. नगरपालिकांसाठीचा झाला नाही. केंद्राने नेमलेल्या भूरिया समितीने 1995 साली शहरांचाही अहवाल दिला होता. 2001 साली त्यासाठीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. तिथेच ते बसून राहिले. त्या वर्षी जन्मलेली मुले आज जव्हारच्या मतदार यादीत आहेत.

याचा साधा अर्थ असा : पुण्याला, नाशिकला, पालघरला संविधानाने शहर म्हणून जे संरक्षण दिले, ते जव्हारला आणि मोखाड्याला मिळालेलेच नाही. गाव म्हणून पेसा नाही, शहर म्हणून नऊ-अ भाग नाही. ज्यांच्यासाठी संविधानाने पाचवी अनुसूची लिहिली, खास कवच दिले, त्याच माणसांच्या शहरांवर कुठलेच कवच नाही. आमची नगरपरिषद उभी आहे ती निव्वळ तुमच्या 1965 च्या कायद्यावर. तो कायदा तुम्ही विधानसभेत हवा तसा बदलता. त्याच कायद्याने जिल्हाधिकारी नगरपरिषदेचा ठराव स्थगित करू शकतो. मुख्याधिकारी तुम्ही पाठवता, तुम्ही बदलता. प्रभाग समित्यांची तरतूद आहे ती तीन लाखांवरच्या शहरांसाठी. 2011 च्या जनगणनेत जव्हारची लोकसंख्या 12,040. म्हणजे शहर लहान म्हणून प्रभाग समिती नाही आणि शहर आहे म्हणून ग्रामसभा नाही. माणसाने बोलायचे कुठे?

बांधकामाचेच बघा. 2020 च्या डिसेंबरपासून, मुंबई आणि आणखी काही ठिकाणे सोडली तर, राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली. कल्याणच्या मनोऱ्याला जी चौकट, तीच जव्हारच्या टेकडीवरच्या कौलारू घराला. धुके, उतार, पाऊस, गावठाणाची जुनी आखणी, वारल्यांच्या अंगणाची रीत, यातले काही त्या चौकटीत आणायला जव्हारचे सभागृह काही करू शकत नाही. जव्हारला थंड हवेचे ठिकाण म्हणून पाहुणे आणायची भाषणे तुम्ही करता. ते ठिकाण कसे वाढावे हे ठरवायचा अधिकार मात्र जव्हारला देत नाही.

आणि पाण्याबद्दल बोलल्याशिवाय मोखाड्याचे पत्र पुरे होत नाही. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात कोचाळे इथे आहे. 102 मीटर उंच. 2012 साली पुरे झाले. ते रोज 455 दशलक्ष लिटर पाणी मुंबईला देते. मुंबई महापालिका 1888 च्या स्वतःच्या कायद्याने चालते आणि आपल्या तहानेसाठी दुसऱ्याच्या डोंगरात धरण बांधायची ताकद तिच्यात आहे. त्याच डोंगरातल्या पाड्यांत एप्रिल लागला की टँकरची वाट पाहतात आणि हंडे ओळीने मांडून ठेवतात. मुंबईच्या माणसाशी आमचे वैर नाही. त्याने पाणी प्यावे. पण एका शहराला दुसऱ्याचे पाणी न्यायचा अधिकार असतो आणि दुसऱ्याला आपल्या अंगणातल्या पाण्याबद्दल बोलायचाही नसतो, तेव्हा त्याला स्थानिक स्वराज्य म्हणू नका. ते शब्द महाग आहेत.

तुम्ही आता दिल्लीकडे बोट दाखवाल. विधेयक राज्यसभेत पडून आहे, आम्ही काय करणार? करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते सगळे मुंबईतच आहे. पाचव्या अनुसूचीचा पाचवा परिच्छेद उघडा. अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा लागू होणार नाही किंवा फेरबदल करून लागू होईल, असे राज्यपाल अधिसूचना काढून ठरवू शकतात. हा अधिकार नुसता पुस्तकात नाही. जून 2014 मध्ये याच परिच्छेदाखाली राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदे स्थानिक आदिवासींसाठी राखली. 2020 साली वनहक्क कायद्यातही याच मार्गाने फेरबदल केले. लेखणी आहे, शाई आहे, वाट मळलेली आहे. इच्छा नाही.

ही इच्छा का नाही, याचे एक उत्तर छत्तीसगडमध्ये सापडते. सुरगुजाकडच्या प्रेमनगरच्या ग्रामसभेने औष्णिक वीज प्रकल्पाला नकार दिला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मग तिथल्या सरकारने प्रेमनगरची नगरपंचायत केली आणि नकार देणारी ग्रामसभाच राहिली नाही. मोखाड्यात तुमचा हेतू असा होता, असा आरोप आम्ही करत नाही. आमचा आरोप निराळा आहे आणि आमच्या लेखी तो अधिक गंभीर आहे : तुमचा काही हेतूच नव्हता. तुम्ही आमचा विचारच केला नाहीत. राज्यभराच्या यादीत एक ओळ म्हणून मोखाडा आला आणि एका ओळीत त्याची ग्रामसभा गेली.

आमच्या मागण्या लांबलचक नाहीत.

पहिली : राज्यपालांनी पाचव्या परिच्छेदाखाली अधिसूचना काढून 1965 चा नगरपरिषद कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या शहरांना फेरबदलासह लागू करावा, आणि त्यात प्रत्येक पाड्याची, प्रत्येक मोहल्ल्याची सभा असावी, जमीन, दारू, सावकारी, बाजार आणि पाणी यांवर तिचा शब्द चालावा.

दुसरी : इथून पुढे अनुसूचित क्षेत्रातल्या एकाही ग्रामपंचायतीची नगरपंचायत तिच्या ग्रामसभेच्या ठरावाशिवाय करू नये. आणि ज्या पाड्यांना शेती करत गावातच राहायचे आहे, त्यांना मोखाड्याच्या हद्दीतून बाहेर पडायची वाट द्यावी.

तिसरी : 2001 चे विधेयक मार्गी लागावे म्हणून विधानसभेने ठराव करून केंद्राकडे पाठवावा. तुमच्या आमदारांच्या पगारवाढीची विधेयके किती लवकर मंजूर होतात हे आम्ही पाहिले आहे. तेवढीच चपळाई इथे दाखवा.

चौथी : नगराध्यक्ष कसा निवडायचा आणि निवडणूक कधी घ्यायची, हे नियम शहराचे म्हणणे ऐकल्याशिवाय फिरवू नयेत आणि मुदत संपल्यावर आम्हाला प्रशासकाच्या स्वाधीन करू नये.

गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाने फार वर्षांपूर्वी घोषणा दिली होती : दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. त्यातला पहिला भाग तुम्ही नीट वाचा. मुंबईतले सरकार आम्ही आमचेच मानले आहे. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितो आहोत. परक्याला कुणी जाब विचारत नाही.

येत्या फाल्गुनात पुन्हा संबळ वाजेल, टेंभे पेटतील. जगदंबेचे सोंग पहाटे नाचेल आणि उजाडताना सगळे मुखवटे उतरतील. फक्त एक मुखवटा मोखाड्याच्या तोंडावर तसाच राहील, कारण तो गावाने चढवलेला नाही आणि गावाला तो उतरवायचा अधिकार तुम्ही ठेवलेला नाही.

तो उतरवायची दोरी तुमच्या हातात आहे. ती सोडा. खालचा चेहरा आमचा आहे, तो आम्ही सांभाळू.

आपल्या उत्तराची नव्हे, अधिसूचनेची वाट पाहणारे,

जव्हार-मोखाड्याचे रहिवासी